बुडालेल्याला दिलेल्या कर्जाला मदत म्हणू नका

माननीय संपादक साहेब,
स.न.वि.वि.

हवामान परिषदेची बातमी पेपरात आली की हेडिंगमधे एक शब्द ठरलेला असतो, "मदत". श्रीमंत देश गरीब देशांना अमुक अब्ज डॉलरची मदत देणार. सगळेच पेपर असं लिहितात, तुमचाही लिहितो, म्हणून हे पत्र तुम्हाला. पत्र लांब होणार आहे, पण माझं म्हणणं एवढंच आहे की ही मदत नाही, भरपाई आहे, आणि त्यातली निम्म्याहून जास्त तर भरपाई सुद्धा नाही, चक्क कर्ज आहे.

मी कृषी सहाय्यक होतो, ३१ वर्षं सोलापूर जिल्ह्यातच नोकरी केली, माढा, मोहोळ, करमाळा असं फिरत. नोकरीतला अर्धा काळ पंचनाम्यात गेला म्हटलं तरी चालेल. २०१४ च्या मार्चमधली गारपीट, २०१५-१६ चा दुष्काळ, २०२० च्या ऑक्टोबरमधला भीमेचा पूर, या सगळ्यात तलाठी, ग्रामसेवक आणि मी असे तिघं मिळून बांधाबांधाने हिंडलोय. ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असेल तर नाव यादीत, नाहीतर नाही, हा नियम मी लोकांच्या तोंडावर सांगितलाय आणि ३० टक्के नुकसान झालेल्या माणसाचा चेहरा कसा होतो ते बघितलंय. त्यामुळे नुकसान, पंचनामा, अनुदान, कर्ज, पुनर्गठन हे शब्द माझ्यासाठी पेपरातले नाहीत, यातल्या एकाच्या जागी दुसरा लिहिला की माणूस कसा बुडतो ते मला माहिती आहे.

आणि आता माझा स्वतःचाच पंचनामा झाला. सीनेच्या काठाला आमची साडेतीन एकर आहे. २०२५ च्या सप्टेंबरमधे सीनेला जे पाणी आलं ते मी माझ्या आयुष्यात बघितलं नव्हतं, वडिलांनी पण कधी सांगितलं नव्हतं. लांबोटीच्या पुलाजवळ पुणे-सोलापूर हायवे बंद ठेवावा लागला, आमच्या भागातल्या गावांत लोक घराच्या पत्र्यावर बसून होते, दावणीची जनावरं दावणीलाच गेली. उडीद गेला, तूर गेली, त्याचं एवढं नाही, पीक पुढच्या वर्षी परत येतं. पण माती गेली. वरचा दीड-दोन फुटाचा काळा थर खरडून नेला आणि खाली मुरूम उघडा पडला, विहिरीत गाळ भरला. माती म्हणजे काय ते शेतकऱ्याला विचारा, आजोबांपासून शेणखत टाकून टाकून केलेली जमीन असते ती. माझ्याच हाताखाली शिकलेला मुलगा पंचनाम्याला आला, जिओ टॅग फोटो काढला, माझ्याकडे बघेना. मीच त्याला म्हटलं, लिही बाबा, खरडून गेलेली असं स्पष्ट लिही, नुसतं पीक नुकसान लिहू नको, दोन्हीचे रेट वेगळे आहेत.

नंतर राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. काहींना मिळालं, काहींचं केवायसीत अडकलं, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर तुम्ही लिहिताच. मी ज्या बँकेत खातं आहे तिथे गेलो तर साहेब म्हणाले, काका पीककर्जाचं पुनर्गठन करून देतो, काळजी करू नका, मदतच आहे ती. पुनर्गठन म्हणजे जुनं कर्ज जिथल्या तिथे, त्याचे हप्ते पाडायचे, व्याज चालूच, आणि वर नवीन कर्ज घेऊन परत पेरायचं. माझी माती गेली आणि माझ्यावरचं कर्ज वाढलं. याला ते मदत म्हणत होते. तिथून घरी येताना एसटीत मला पाकिस्तानची आठवण झाली, खरंच झाली, कारण आदल्या वर्षीपासून मी हा विषय वाचतोय.

पाकिस्तानात २०२२ ला पूर आला. १,७०० च्या वर माणसं गेली, ३ कोटी ३० लाख लोकांना फटका बसला. सिंध आणि बलुचिस्तानात त्या पावसाळ्यात नेहमीच्या कित्येक पट पाऊस झाला. पंचनामा तिथेही झाला, जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रं वगैरे सगळ्यांनी मिळून केला, आणि आकडा निघाला ३० अब्ज डॉलरच्या वर. अब्ज म्हणजे शंभर कोटी, ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी सांगतोय. जगातला जो एकूण धूर आहे, म्हणजे हवा तापवणारे वायू, त्यात पाकिस्तानचा वाटा वर्षाला एक टक्क्याच्या आत. मग २०२३ च्या जानेवारीत जिनिव्हाला परिषद झाली, ९ अब्ज डॉलरच्या वर आश्वासनं आली, सगळीकडे बातम्या आल्या की जग पाकिस्तानच्या पाठीशी उभं राहिलं. आणि त्या ९ अब्जातलं बहुतेक सगळं कर्ज होतं. कर्ज! ज्याचं घर वाहून गेलं त्याला हप्ते पाडून दिले. पाकिस्तान म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात हे मला माहितीये, राजकारण बाजूला ठेवा, सिंधमधला कापसाचा शेतकरी आणि सीनाकाठचा उडदाचा शेतकरी यांच्या खरडलेल्या जमिनीत मला फरक दिसत नाही.

मोझांबिकचं तर त्याहून वाईट. २०१९ च्या मार्चमधे इडाई नावाचं चक्रीवादळ आलं, बैरा हे त्यांचं मोठं बंदर जवळजवळ सगळं मोडून पडलं, मोझांबिक, झिंबाब्वे, मलावी मिळून हजाराच्या वर माणसं गेली. महिना-सव्वा महिन्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने तातडीने पैसे दिले, ११ कोटी ८० लाख डॉलर, आणि तेही कर्ज. बिनव्याजी होतं हे मान्य, पण कर्जच. तो देश आधीच कर्जात गळ्यापर्यंत होता.

आता कोणी म्हणेल की वादळ, पाऊस हे निसर्गाचं, त्यात श्रीमंत देशांचा काय दोष. इथे मला गावातली एक गोष्ट सांगायचीय. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या एका सज्जातल्या गावात वरच्या शेतकऱ्याने जेसीबी लावून ओढा बुजवला, चार गुंठे जमीन वाढवली. पुढच्या पावसात ओढ्याचं पाणी खालच्या म्हाताऱ्याच्या रानात घुसलं, बांध फुटला, कांदा गेला. मंदिराच्या कट्ट्यावर बैठक बसली. वरचा म्हणाला पाऊसच जास्त झाला, मी काय करू. गाव म्हणालं पाऊस देवाने पाडला पण ओढा तू बुजवला. शेवटी ठरलं की बांध त्याने घालून द्यायचा, मातीच्या ट्रॉल्या त्याने टाकायच्या, आणि ओढा मोकळा करायचा. त्याने केलं पण, भांडत भांडत केलं. आता कल्पना करा की तो वरचा माणूस बैठकीत उभा राहून म्हणाला असता, मी याला मदत करायला तयार आहे, पन्नास हजार देतो, पाच टक्के व्याजाने, पाच वर्षात फेडायचे. गावाने त्याला कट्ट्यावर बसू दिलं नसतं. आणि ओढा तर मोकळा करणारच नाही असंही वर म्हणाला असता तर?

जगात हेच चाललंय आणि आपण त्याला मदत म्हणून हेडिंग देतोय.

ओढा कोणी बुजवला त्याचा हिशोब झालेला आहे, त्यात कोणाला शंका नाही. कोळसा, तेल, गॅस जाळून कारखानदारी सुरू झाल्यापासून आजपर्यंत जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत गेला त्यातला साधारण चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा, पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त युरोपचा. जगातला सहातला एक माणूस भारतात राहतो आणि आपला हिस्सा चार टक्क्यांच्या आत. आणि हा वायू धुरासारखा विरून जात नाही, त्यातला बराचसा भाग शेकडो वर्षं वर राहतो, म्हणजे १९२० साली मँचेस्टर नाहीतर पिट्सबर्गच्या धुराड्यातून गेलेला आज पण आपल्या डोक्यावर आहे. हवा एक डिग्रीने तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊस पडतो तेव्हा एकदम कोसळतो आणि नाही तेव्हा महिनाभर दांडी मारतो. आमच्या सीनेचा तो एकच पूर शंभर टक्के हवामान बदलानेच आला असं मी म्हणणार नाही, धरणांतून सोडलेलं पाणी आहे, नदीतली अतिक्रमणं आहेत, पंचनाम्यात खोटं लिहायची सवय मला नाही. पण ३१ वर्षांत पाऊस बदललेला मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय, पेरणीच्या तारखा सरकलेल्या बघितल्यात, हे कोणी मला शिकवायला नको.

मग पैशाचं काय झालं ते बघा. १९९२ ला रिओमधे सगळ्या जगाने करार केला, त्यात स्पष्ट लिहिलंय की जबाबदारी सगळ्यांची आहे पण सारखी नाही, श्रीमंत देशांनी पुढे व्हायचं आणि गरीब देशांना नवीन आणि जास्तीचे पैसे द्यायचे. नवीन आणि जास्तीचे, म्हणजे आधीच्या दानधर्मातले इकडून तिकडे करायचे नाहीत. १७ वर्षं तशीच गेली. २००९ ला कोपनहेगनला शब्द दिला की २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ. २०२० आलं, त्यांच्याच संघटनेने, म्हणजे ओईसीडीने काढलेला आकडा ८३ अब्ज. २०२२ ला एकदाचे ११५.९ अब्ज झाले असं त्यांनी २०२४ मधे जाहीर केलं, दोन वर्षं उशिरा आणि सगळीकडे शाब्बासकी.

पण त्या ११६ अब्जाच्या पोत्यात हात घातला की काय निघतं? त्यातला सरकारी पैसा ९१-९२ अब्ज, आणि त्यातला जवळजवळ ७० टक्के कर्ज. ग्रांट, म्हणजे जे परत द्यायचं नाही ते, तीस टक्क्यांच्या आतच. बाकी खाजगी गुंतवणूक, ती तर नफ्यासाठीच येते, तिला मदत म्हणणं म्हणजे सावकाराला दानशूर म्हणण्यासारखं आहे. ऑक्सफॅम या गरिबीवर काम करणाऱ्या संस्थेने हिशोब केला, कर्जाची पूर्ण रक्कम न धरता त्यातली खरी सवलत तेवढीच धरली तर २०२२ चे ११६ अब्ज प्रत्यक्षात २८ ते ३५ अब्जच भरतात. पंचनाम्यात मी असं केलं असतं तर सस्पेंड झालो असतो.

२०२३ मधे रॉयटर्स या वृत्तसंस्थेने एक मोठी बातमी केली होती, देशांनी हवामानासाठी दिलेला पैसा म्हणून काय काय दाखवलं त्याची. इटलीने आशियात चॉकलेट-आइस्क्रीमची दुकानं उघडायला दिलेला पैसा दाखवला. अमेरिकेने हैतीत एका समुद्रकाठच्या हॉटेलच्या वाढीव बांधकामासाठी दिलेलं कर्ज दाखवलं. जपानने बांगलादेशात मातरबारीला कोळशाचं वीज केंद्र आणि इजिप्तमधे एअरपोर्टचा विस्तार दाखवला. कोळशाचं वीज केंद्र, हवामान बदलाच्या पैशातून! आणि गंमत म्हणून सांगत नाही, राग येऊन सांगतोय, यात नियम कुठलाच मोडला नाही कारण हवामानाचा पैसा कशाला म्हणायचं याची एकच पक्की व्याख्याच त्यांनी होऊ दिलेली नाही. ज्याने द्यायचं तोच ठरवतो काय दिलं. आमच्याकडे निदान पंचनाम्यावर शेतकऱ्याची सही लागते.

मग २०२४ च्या नोव्हेंबरमधे बाकूची हवामान परिषद. गरीब देशांनी मागितले वर्षाला १.३ लाख कोटी, म्हणजे १,३०० अब्ज डॉलर, ठरले ३०० अब्ज, आणि तेही २०३५ पर्यंत, म्हणजे आजपासून नाही. आणि त्यात सरकारी, खाजगी, बँकांचे, सगळ्या प्रकारचे पैसे धरायचे, ग्रांट किती कर्ज किती यावर एक शब्द नाही. भारताच्या वतीने अर्थ मंत्रालयाच्या चांदनी रैना उठल्या आणि हा कागद म्हणजे दृष्टिभ्रम आहे असं भर सभेत बोलल्या, पण त्यांना बोलायला मिळायच्या आधीच हातोडा आपटून ठराव मंजूर झालेला होता. संपादक साहेब, मी त्या बाईंना ओळखत नाही पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं, आपलं कोणीतरी उभं राहिलं असं वाटलं. ग्रामसभेत पण असंच होतं, प्रोसिडिंग आधीच लिहून झालेलं असतं.

आपल्या महाराष्ट्रात हा पैसा कसा येतो ते पण बघू म्हणजे विषय लांबचा वाटणार नाही. पोकरा तुम्हाला माहिती आहे, नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. मराठवाडा, विदर्भातले जिल्हे आणि जळगाव धरून पाच हजारच्या वर गावांत झाला, शेततळी, ठिबक, रुंद सरी वरंब्यावर पेरणी, विहीर पुनर्भरण. काम चांगलं झालं, शेजारी धाराशिव जिल्ह्यातले माझे सहकारी त्यात होते, मी जाऊन बघून आलोय आणि वाईट बोलणार नाही. पण त्याचा पैसा म्हणजे जागतिक बँकेचं ४२ कोटी डॉलरचं कर्ज, वरचा हिस्सा राज्याचा. २०१८ ला करार झाला तेव्हा डॉलर ६५-६८ रुपयांच्या आसपास होता, आज ८५ च्या केव्हाच पुढे गेलाय, फेडायचं मात्र डॉलरमधे. म्हणजे मराठवाड्याच्या शेतकऱ्याला बदललेल्या पावसात टिकून राहायला शिकवायचा खर्च शेवटी आपल्याच टॅक्समधून, वर व्याज, वर रुपया पडला त्याचा भुर्दंड. आणि जागतिक बँकेसारख्या बँकांची हवामानासाठीची कर्जं श्रीमंत देशांच्या भांडवलाच्या प्रमाणात त्या १०० अब्जाच्या हिशोबात धरली जातात. फेडणार आपण, नाव त्यांचं.

दुसरीकडे सिंधुदुर्ग बघा. ग्रीन क्लायमेट फंड, म्हणजे हवामानासाठीचा आंतरराष्ट्रीय निधी, त्यातून भारताच्या किनारपट्टीसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरची खरी ग्रांट आली, महाराष्ट्र, आंध्र, ओडिशा अशा तीन राज्यांसाठी. कांदळवन लावणं, खेकडापालन, किनाऱ्यावरच्या बायकांच्या बचत गटांना धंदा. निसर्ग आणि तौक्ते ही वादळं बघितलेल्या कोकणाला कांदळवनाची किंमत सांगायला नको. हा पैसा परत द्यायचा नाही, हे योग्य. पण तिथेही प्रकल्पाच्या एकूण १३ कोटी डॉलरमधला दोन तृतीयांश हिस्सा आपल्या सरकारांचाच आहे. तरी मी म्हणतो हे मॉडेल बरोबर आहे, असं द्या.

आणि त्या ग्रीन क्लायमेट फंडाचं पुढे काय? अमेरिकेने ३ अब्ज देतो म्हटलं होतं ओबामांच्या काळात, त्यातले २ अब्ज दहा वर्षांत तुकड्या तुकड्याने आले, नंतर वाढवून दिलेलं आश्वासन आणि उरलेलं मिळून ४ अब्ज २०२५ मधे ट्रम्प सरकारने रद्द करून टाकलं. पॅरिस करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडले ते वेगळंच. ब्रिटनने पण परदेशी मदतीचा एकूण कोटाच उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून ०.३ वर आणायचं ठरवलंय. कर्ज घेतलेला गरीब देश एक हप्ता चुकला तर त्याचं रेटिंग पाडतात, आणि यांनी शब्द मोडला तर यांचं काय पडतं?

नुकसान भरपाईचा फंड हा वेगळा विषय आहे, तो मला सगळ्यात जवळचा. वानुआतू म्हणून पॅसिफिकमधे छोटा बेटांचा देश आहे, सोलापूर शहरात त्याच्या दुप्पट-तिप्पट माणसं राहत असतील. त्यांनी १९९१ मधे, म्हणजे रिओच्या सुद्धा आधी, छोट्या बेटांच्या वतीने मांडलं होतं की समुद्र वाढून आमचं जे नुकसान होणार त्याच्यासाठी श्रीमंत देशांनी पैसे भरायचा विमा फंड करा. ३१ वर्षं, माझ्या नोकरीएवढी वर्षं, हा विषय पुढे ढकलला. २०२२ ला शर्म अल-शेखच्या (इजिप्त) हवामान परिषदेत फंड करायचं कबूल केलं, २०२३ ला दुबईत पहिल्या दिवशी सुरू केला आणि टाळ्या वाजल्या. त्यात अमेरिकेने किती टाकले? १ कोटी ७५ लाख डॉलर. जर्मनीने १० कोटी, अमिरातीने १० कोटी. सगळ्यांची मिळून आजपर्यंतची आश्वासनं पाऊण अब्जाच्या आसपास, आणि २०२५ मधे अमेरिका त्या फंडाच्या बोर्डावरूनही उठून गेली. पाकिस्तानचा एक पूर ३० अब्ज आणि सगळ्या जगासाठी पाऊण अब्ज. एकाच पुराच्या पंचनाम्याचा चाळिसावा भाग. बेलेमच्या परिषदेत २०२५ मधे पहिले २५ कोटी डॉलर वाटायला काढले, म्हणजे सुरुवात झाली, तेवढं चांगलं म्हणायचं.

स्कॉटलंडचं मात्र नाव घ्यायला पाहिजे. २०२१ ला ग्लासगोत त्यांनी नुकसान भरपाई म्हणून पहिल्यांदा पैसे बाजूला काढले, रक्कम लहान होती, २० लाख पाउंड, पण कोणीतरी श्रीमंतांच्या बाजूने मान्य केलं की हे देणं आहे. नंतर डेन्मार्कने केलं. म्हणजे करता येतं.

तेच वानुआतू आणि पॅसिफिकमधली कायदा शिकणारी पोरं, २०१९ ला वर्गात बसून त्यांनी ठरवलं की आंतरराष्ट्रीय न्यायालयात जायचं. हसले असतील लोक. २३ जुलै २०२५ ला हेगच्या न्यायालयाने मत दिलं की हवामानाचं रक्षण करणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि ती पाळली नाही तर नुकसान भरून देणं सुद्धा लागू होऊ शकतं. हे सल्ल्याच्या स्वरूपातलं मत आहे, वसुलीची ऑर्डर नाही, तलाठी उद्या जप्तीला जाणार नाही हे मला कळतं. पण न्यायालयाने जो शब्द वापरला तो भरपाईचा आहे. मदतीचा नाही. न्यायालय बोलतंय तर पेपरने पण बोलावं.

आता लोक विचारतात त्या दोन-तीन गोष्टी. चीन आज सगळ्यात जास्त धूर सोडतो, आखाती देश श्रीमंत आहेत, त्यांनी का द्यायचं नाही? द्यावं, चीनने तर नक्की द्यावं, अमिरातीने दिलेत. पण वरच्याने ओढा बुजवला त्याचा हिशोब चालू असताना शेजारच्याने पण आता माती टाकायला सुरुवात केलीय म्हणून पहिला सुटत नाही.

दुसरं, आपल्याकडे पैसे आले की खातात. खातात, मी सरकारी नोकरी केलीय, मला कोणी शिकवायची गरज नाही. बोगस पंचनामे मी पकडलेत आणि त्यापायी बदली पण भोगलीय. पण म्हणून खऱ्या नुकसानीचे पैसे द्यायचे नाहीत असं होत नाही, यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, चावडी वाचन करा. देशांनी पण लावावी, दोन्हीकडच्या देशांनी, किती दिलं, कशासाठी, कर्ज की ग्रांट.

तिसरं जरा अवघड आहे आणि ते टाळणं बरोबर होणार नाही. भारत स्वतः वर्षाच्या धुरात जगात तिसरा आहे. माणशी बघितलं तर आपण वर्षाला २ टनाच्या आसपास आणि अमेरिकेचा माणूस १४ टनाच्या आसपास, हे खरं. पण ते २ टन सरासरी आहेत, पुण्या-मुंबईतल्या दोन गाड्या, चार एसीवाल्या घराचे आणि आमच्या गावातल्या ऊसतोड मजुराचे सारखे नाहीत. जगाकडे न्याय मागायचा तर तो खाली गावापर्यंत आला पाहिजे. आणि मलावीसारख्या देशाच्या पुढे रांगेत आपण उभं राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. २०२३ ला फ्रेडी चक्रीवादळ पाच आठवडे समुद्रावर फिरत राहिलं आणि मलावीत एक हजाराच्या वर माणसं मेली किंवा सापडलीच नाहीत, त्या देशाचा माणशी धूर आपल्याही मानाने नगण्य. आपल्याकडे निदान राज्य सरकार ३१ हजार कोटी म्हणू शकतं, त्यांचं सरकार काय म्हणणार? आपण त्यांच्या बाजूने भांडावं, आपल्या ताकदीने.

एक गोष्ट राहिली, युरोपचा कार्बन टॅक्स. १ जानेवारी २०२६ पासून तिकडे जाणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतावर कार्बनच्या हिशोबाने पैसे लागू झालेत. कारण हवामानाचं सांगतात, चांगलंय, पण गोळा झालेला पैसा युरोपच्याच तिजोरीत जाणार. तो त्या नुकसान फंडात का जात नाही हे कोणीतरी सलग विचारत राहिलं पाहिजे.

पुढची परिषद २०२६ च्या नोव्हेंबरमधे तुर्कस्तानात अंताल्याला आहे. बेलेमला ठरलं की गरीब देशांना बदलत्या हवामानात टिकून राहण्यासाठीचा पैसा २०३५ पर्यंत तिप्पट करायचा प्रयत्न करू. हे "प्रयत्न करू" मी किती बैठकांच्या इतिवृत्तात लिहिलंय. संयुक्त राष्ट्रांच्याच रिपोर्टप्रमाणे या कामासाठी २०२३ ला जेमतेम २६ अब्ज डॉलर आले, आदल्या वर्षीपेक्षा कमी, आणि २०३५ ला लागणार वर्षाला ३०० अब्जाच्या वर.

म्हणून तुम्हाला माझी एकच विनंती आहे संपादक साहेब. अंताल्याची बातमी छापाल तेव्हा हेडिंगमधे मदत लिहू नका. आणि आकडा आला की त्याच्या खाली एक ओळ टाका, यातली ग्रांट किती, कर्ज किती, आणि आधीच्या कुठल्या पैशाला नवीन नाव दिलंय का. वार्ताहराला ते शोधायला दोन दिवस जास्त लागतील, लागू द्या. आमच्याकडे मेच्या आत गाळाची माती टाकून झाली तर मृगात काहीतरी पेरता येईल, ट्रॉलीचा भाव विचारून आलोय, त्यासाठी परत त्याच बँकेत जायचंय.

आपला,
सीनाकाठचा एक वाचक, निवृत्त कृषी सहाय्यक
ता. माढा, जि. सोलापूर